बोर्म्यातला थर्मोकपल सकाळी बरोबर आणि दुपारी कमी का दाखवतो

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टरफलाच्या तेलाचा धूर लागू नये म्हणून विजेवरच्या बोर्म्याचा (काजूगर वाळवण्याच्या भट्टीचा) कंट्रोलर, म्हणजे तापमान बघून हीटर चालू-बंद करणारे यंत्र, पडवीत हलवला, आणि इलेक्ट्रिशियनने मधे ८ मीटर साधी तांब्याची वायर जोडली. तेव्हापासून ७० अंशांवर सेट करूनही काजूगर पिवळे पडतात. काचेच्या थर्मामीटरवर ८० च्या वर आकडा येतो, सकाळी भट्टी लावताना मात्र दोन्ही जुळतात. 'के' टाइपचा नवा थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा सेन्सर, टाकूनही फरक पडला नाही.

सेन्सर आधीचाही बहुधा चांगलाच होता. चूक त्या ८ मीटर तांब्यात आहे. सकाळी बरोबर आणि दुपारी कमी, ही तिची अगदी ठरलेली खूण.

थर्मोकपलमधली वीज दोन तारा जिथे वेल्ड केलेल्या असतात त्या टोकाशी तयार होते, असा समज सर्रास आहे. तसे होत नाही. कुठल्याही धातूच्या तारेचे एक टोक गरम आणि दुसरे गार असले की तारेवर जिथे जिथे तापमान उतरत जाते तिथे तिथे किंचित व्होल्टेज तयार होतो. जर्मन शास्त्रज्ञ झेबेक यांनी १८२१ मध्ये या परिणामाचा शोध लावला. प्रत्येक धातूचा व्होल्टेज वेगळा असतो, म्हणून दोन वेगवेगळ्या धातूंची जोडी घेतली की त्यांच्यातला फरक मोजता येतो. 'के' टाइपमध्ये क्रोमेल आणि अल्युमेल या निकेलच्या दोन मिश्रधातूंची जोडी असते आणि तिच्यात दर अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. म्हणजे तुमच्या बोर्म्यात खरे काम करतो तो आत ट्रेपाशी असलेला वेल्डचा मणी नव्हे, तर गरम भिंतीतून बाहेर येणारा वीतभर तारेचा तुकडा. तापमान तिथे उतरते.

यातून पुढची गोष्ट निघते. थर्मोकपल तापमान सांगत नाही, दोन टोकांतला फरक सांगतो. गार टोक कंट्रोलरच्या स्क्रूपाशी असते. तिथले तापमान कंट्रोलर स्वतःच्या छोट्या सेन्सरने मोजतो आणि ते त्या फरकात मिळवतो. याला कोल्ड जंक्शन कॉम्पेन्सेशन म्हणतात. तुमच्याकडे मधे तांबे आल्यामुळे गार टोक पडवीत उरलेच नाही. ते बोर्म्याच्या भिंतीवर, सेन्सरच्या हेडमध्ये (तारा जोडायच्या डबीत) जाऊन बसले. कंट्रोलर मात्र अजून पडवीचेच तापमान मिळवतो आहे.

आकडे मांडून बघा. आत ७०, हेडमध्ये दुपारपर्यंत ४५, पडवीत ३२ धरू. 'के'च्या तक्त्यात ७० ला २.८५१ मिलिव्होल्ट आणि ४५ ला १.८१७. फरक १.०३४, तेवढाच तांब्यातून कंट्रोलरपर्यंत पोहोचतो. दोन्ही तारा तांब्याच्याच असल्याने तांबे त्यात काही भर घालत नाही. कंट्रोलर ३२ चे १.२८५ मिळवतो, बेरीज २.३१९. तक्त्यात हा आकडा ५७ अंशांचा आहे. हेडचे आणि पडवीचे तापमान यांत १३ अंशांचा फरक, तेवढीच चूक. आता पडद्यावर ७० आणायला कंट्रोलर हीटर चालू ठेवतो आणि आत ८३ होतात. गर पिवळे पडणारच. सकाळी हेड आणि पडवी दोन्ही ३० च्या आसपास, म्हणून चूक शून्य.

याच कारणासाठी कंट्रोलरमध्ये १३ चा ऑफसेट (आकड्यात कायमची ठरावीक भर) टाकून मोकळे होऊ नका. चूक भिंत तापेल तशी बदलते. ऑफसेट टाकलात तर सकाळचा पहिला लॉट १३ अंश कमी तापमानावर राहील, साल नीट सुटणार नाही आणि सोलताना तुकडा जास्त पडेल.

उपाय: हेडपासून कंट्रोलरच्या स्क्रूपर्यंत सलग 'के' टाइपची एक्स्टेन्शन केबल ओढा. दुकानात कॉम्पेन्सेटिंग केबल म्हणून मागितली जाते, तुम्ही 'केएक्स' असे स्पष्ट सांगा. मधे जोड नको. घ्यावाच लागला तर दोन्ही तारांचा जोड एकाच जागी, गरम भिंतीपासून लांब आणि डबीत बंद करा. डबीतले पितळी स्क्रू चालतात, दोन्ही स्क्रूंचे तापमान सारखे असले म्हणजे झाले. बोर्म्याजवळच्या भागासाठी टेफ्लॉनचे आवरण घ्या. ग्लास फायबरचे आवरण उष्णता सोसते, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरते.

जोडताना रंग बघा, आणि इथे नीट थांबून बघा. आंतरराष्ट्रीय मानकाच्या केबलमध्ये हिरवी प्लस आणि पांढरी मायनस. अमेरिकन पद्धतीत पिवळी प्लस आणि लाल मायनस. लाल म्हणजे प्लस ही सवय हाताला इतकी असते की ही केबल उलटी जोडली जाणे अगदी नेहमीचे आहे. एकाच ठिकाणी उलटी जोडली तर तापवताना आकडा खाली जातो, चूक लगेच कळते. दोन्ही टोकांना उलटी जोडली तर आकडा वर जातो, सगळे ठीक वाटते, पण चूक दुप्पट होते: वरच्या उदाहरणात १३ ऐवजी २६ अंश. रंग उडाले असतील तर लोहचुंबक लावा. 'के'च्या जोडीत अल्युमेल, म्हणजे मायनस, चुंबकाला ओढली जाते. क्रोमेल नाही.

केबल बदलण्याआधी कंट्रोलर तपासा, पाच मिनिटांचे काम आहे. सेन्सर सोडवा, इनपुटच्या दोन स्क्रूंमध्ये तांब्याचा छोटा तुकडा लावा. पडद्यावर पडवीचे तापमान दिसले पाहिजे. ४०-४५ दिसले तर कंट्रोलरच्या शेजारी एसएसआरचा (हीटर चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) हीटसिंक तापतो आहे किंवा पॅनेलवर ऊन येते आहे. सेटिंगमध्ये 'के'च निवडले आहे ना, हेही बघा. 'जे' निवडले गेले असेल तर ७० ला ६२ च्या जवळचा आकडा येतो आणि बाकी सगळे बरोबर वाटत राहते.

मग सेन्सर. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी घालून लगदा करा, सेन्सर मधोमध धरा, तळाला टेकवू नका. ५ मिनिटांनी शून्याच्या आसपास आकडा हवा. बर्फ घरच्या फ्रीजचा, पिण्याच्या पाण्याचा घ्या. बंदरावरच्या बर्फाला खारे पाणी लागलेले असते आणि मिठाने तापमान शून्याखाली जाते. दुसरी तपासणी उकळत्या पाण्यात. किनाऱ्यालगत १०० धरा. वर आंबोलीला पाणी ९८ च्या किंचित खालीच उकळते, तिथे कोणी हीच तपासणी करत असेल तर सेन्सरला दोष देऊ नये. साध्या दर्जाच्या 'के'ला अडीच अंशांची चूक माफ आहे. त्यापेक्षा जास्त असेल तरच सेन्सर बदला.

सेन्सर ६ मिलिमीटर जाडीचा असेल तर भिंतीच्या आत निदान ६ ते ९ सेंटिमीटर गेला पाहिजे, नाहीतर दांडी भिंतीचीच उष्णता सांगते. हीटरच्या कॉइलसमोर उघडा नको, ट्रेवरून जाणाऱ्या हवेत हवा. केबल हीटरच्या वायरीच्या पायपातून नेऊ नका, निदान वीतभर अंतर ठेवा. मिलिव्होल्टच्या शेजारी कॉन्टॅक्टर (हीटरचा मोठा स्विच) पडला-उचलला की आकडा उडतो. आणि तो काचेचा थर्मामीटर गरांच्या ट्रेवर पुन्हा घालू नका. फुटला तर अख्खा लॉट गेला.

आपल्या खाऱ्या हवेचा वेगळा विचार करावा लागतो. 'जे' टाइपची एक तार लोखंडाची असते, किनाऱ्यावर ती गंजते, म्हणून स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. दांडी एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ ची मागा. ३०४ ला मिठाने बारीक खड्डे पडतात. एकदा भोक पडले की आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओल शोषते, दोन तारांमधला रोध घटतो आणि आकडा हळूहळू भरकटतो. ही तार तुटलेली नसते, त्यामुळे कंट्रोलर 'ओपन' (तार तुटली) दाखवत नाही आणि दोष सापडायला वेळ लागतो. पावसाळ्यापूर्वी हेडचे झाकण, गास्केट आणि केबल ग्लँड घट्ट करा.

स्पष्टच सांगायचे तर फक्त बोर्म्यासाठी नवे सामान घेत असाल तर पीटी-१०० (तापमानानुसार रोध बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर) घ्या. बी क्लासच्या पीटी-१०० ची चुकीची मर्यादा ७० अंशांवर सुमारे ०.६५ अंश असते आणि तीन तारांची साधी तांब्याची केबल चालते. कंट्रोलर ते इनपुट घेतो का, तेवढे आधी बघा. थर्मोकपलची खरी जागा जिथे आच मोठी आणि धक्के फार, तिथे आहे: टरफलावर चालणाऱ्या बॉयलरच्या धुराड्यात, ट्रॉलरच्या इंजिनाच्या एक्झॉस्टवर, बेकरीच्या भट्टीत. 'के' १२०० अंशांपर्यंत जातो. वितळलेल्या पोलादासाठी प्लॅटिनम-ऱ्होडियमचे 'एस' किंवा 'बी' लागतात. ज्या गॅसच्या शेगडीत ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद होतो, तिथेही बर्नरजवळ थर्मोकपलच असतो. त्याच्याच विजेवर व्हॉल्व्हचे चुंबक धरून राहते, सेल लागत नाही.

केबल बदलल्यावर दुपारी दोनच्या सुमारास हेडचे, पडवीचे आणि पडद्यावरचे असे तिन्ही आकडे इथे टाका. हेडमधल्या जोडणीचा फोटोही टाका, रंग दिसतील असा.