मस्ट नॉट आणि डोन्ट हॅव टू, दोन्ही सेमच ना?

नाही, अजिबात सेम नाही! मस्ट आणि हॅव टू दोन्हीचा अर्थ आपण 'करायलाच पाहिजे' असा शिकतो त्यामुळे नकारात पण एकच असेल असं वाटतं, पण 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे यायचं नाही, सक्त मनाई, आणि 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे यायची गरज नाही, आलात तरी चालेल. बोलताना हे उलटं झालं तर समोरच्याला खरंच वाईट वाटू शकतं म्हणून हे आधी पक्कं करा.

दुसरं म्हणजे 'करायलाच पाहिजे' वाल्या मस्टला पास्ट टेन्स नाही. 'काल मला जावं लागलं' हे 'आय हॅड टू गो' होतं. मस्ट हॅव लावलं की तो अंदाज होतो, म्हणजे 'शी मस्ट हॅव लेफ्ट' = ती निघाली असणार. 'शी शुड हॅव लेफ्ट' = तिने निघायला हवं होतं, पण निघाली नाही. 'शी कुड हॅव लेफ्ट' जरा अवघड आहे कारण त्याचे दोन अर्थ निघतात, निघू शकली असती किंवा कदाचित निघाली असेल, ते आजूबाजूच्या वाक्यावरूनच कळतं. मला तर मराठीतलं 'असणार, हवं होतं, असती' डोक्यात ठेवूनच हे जमलं, नुसते नियम पाठ करून कधीच नाही.

आणि हो, कॅन, मस्ट, शुडनंतर टू लावू नका, पण ऑटला (ought, म्हणजे 'करायला हवं') मात्र टू लागतं, जसं वरच्या हॅव टूमध्ये आहे.