मणी तपासला, पंपवाल्याचं काय?

प्रश्न : आमचा दीड एकर थॉमसन द्राक्षाचा प्लॉट निर्यातीसाठी नोंदवलेला होता. सँपलमध्ये एका बुरशीनाशकाचा रेसिड्यू, म्हणजे मालात उरलेला अंश, युरोपच्या मर्यादेपेक्षा किंचित जास्त निघाला आणि प्लॉट बाद झाला. माल लोकलला निम्म्या भावात दिला. आमची मंडळी विचारते, "तिकडच्या पोरांना चालत नाही ते आपल्या पोरांना कसं चालतं?" दुसरं म्हणजे दुकानदार सांगतो, काही औषधं युरोपात वापरायला बंदी आहे, पण बनतात तिकडेच आणि विकतात इकडे. हे खरं का?
— एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर : आधी वहिनींचा प्रश्न घेतो, कारण तो जास्त अवघड आहे.

मर्यादा ओलांडली म्हणजे मणी विषारी झाला असं नाही. औषध शिफारशीप्रमाणे मारलं, काढणीआधीचे दिवस पाळले, तर जेवढा अंश उरायला हवा त्यावरून एमआरएल, म्हणजे उरलेल्या अंशाची कमाल मर्यादा, ठरते. एखाद्या औषधाची मर्यादा युरोपने ठरवलेलीच नसेल तर किलोला 0.01 मिलिग्रॅम धरतात. म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम. वर काही जर्मन सुपरमार्केटं म्हणतात, कायद्याच्या मर्यादेचा तिसरा हिस्साच चालेल, आणि एका घडावर औषधांची संख्याही मोजून हवी. मर्यादा आपल्याकडेही आहेत. पण तिकडे जाणारा माल झाडावर असतानाच तपासला जातो, आणि नाशिकच्या हातगाडीवरच्या पेटीला कोण विचारतं? तेव्हा वहिनींना सांगा, घाबरण्यासारखं काही नाही, चिडण्यासारखं मात्र आहे.

या तपासणीचा भार कुणाच्या पाठीवर पडतो ते मी 2010 साली निफाडला पाहिलं. खरड छाटणीनंतर वाढ आवरायला आपण सगळेच सीसीसी हे वाढरोधक मारायचो. त्याचा अंश वेलीत राहून पुढच्या मालात उतरतो, हे ना बागायतदाराच्या डोक्यात होतं, ना आपल्या तपासणीच्या यादीत. ते सापडलं थेट युरोपच्या बंदरात. कंटेनर अडकले. प्लॉट तर आपल्या कागदावर पास होता! तरी निर्यातदार म्हणाले, तिकडून पैसे आले की देतो. मी तेव्हा कृषी खात्यात होतो. शेतकरी ऑफिसात येऊन बसायचे, चहा घ्यायचे आणि काही न बोलता उठून जायचे. पुढे ते नाव यादीत आलं आणि शिस्तही लागली, हे कबूल करतो. पण ते शिकण्याची फी भरली बागायतदाराने.

आता दुकानदाराचं. तो खरं बोलतोय.

खात्यातली माझी पहिली नऊ वर्षं यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याला गेली, त्यामुळे 2017 च्या यवतमाळच्या बातम्या मी पेपरात वाचून सोडू शकलो नाही. कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. एकाच औषधाने झालं असं म्हणता येणार नाही. दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. माझ्या ओळखीचा एक कोलाम आदिवासी गडी रोजाने फवारायला जायचा. त्याला आठवडाभर धड दिसत नव्हतं. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "कपाशी डोक्याच्या वर गेली होती जी. फवारलं का सारं तोंडावरच येते." पाठीवर बॅटरीचा पंप, अंगात रोजचाच सदरा. औषधाचं पत्रक त्याने घडी घालून छपराच्या वाशात खोचून ठेवलं होतं. मी चष्मा लावूनही ते पुरतं वाचू शकलो नाही, आणि त्याला वाचताच येत नव्हतं.

त्या हंगामात जी औषधं वापरात होती त्यांत डायफेन्थियुरॉन नावाचं कीटकनाशक होतं. स्वित्झर्लंडने ते 2009 मध्येच आपल्या शेतांसाठी बंद केलेलं. तरी 2017 साली तिथून ते भारतात निर्यात झालं, सुमारे 75 टन. ते बनवणारी बासेलची सिंजेंटा कंपनी म्हणते, मृत्यूंशी आमच्या औषधाचा संबंध सिद्ध झालेला नाही. त्यावर 2020 मध्ये यवतमाळच्या दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी थेट बासेललाच दावा नेला. स्वित्झर्लंडने 1 जानेवारी 2021 पासून त्याच्यासह पाच औषधांची निर्यात बंद केली. त्यांत प्रोफेनोफॉस आणि पॅराक्वाटही आहेत. फ्रान्सचा असाच कायदा 2022 पासून लागू झाला. बाकी बरेच देश अजून पाठवतात.

ते बेकायदा नाही, हीच गंमत. तुमचा कंटेनर ज्या रॉटरडॅमला उतरतो त्याच शहराच्या नावाचा 1998 चा एक करार आहे. तो म्हणतो, घातक रसायन पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाला कळवा. नको असेल तर तो नाही म्हणेल. आता आपण नाही म्हणतो का ते पाहा. मे 2020 मध्ये केंद्राने 27 औषधांच्या बंदीचा मसुदा काढला. 2023 मध्ये प्रत्यक्ष बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल आणि मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्क्यांच्या द्रावणावर. बाकीची सुटली, त्यांतल्या काहींचा फक्त ठरावीक पिकांवरचा वापर काढला. डायफेन्थियुरॉन तर त्या 27 मध्येही नव्हतं. शिवाय आपणही कीटकनाशकांचे मोठे निर्यातदार आहोत, तेव्हा सगळं खापर गोऱ्यांवर फोडून मोकळं होता येत नाही.

मला खुपतं ते वेगळंच. द्राक्ष खाणाऱ्याच्या तोंडात जातं म्हणून त्याचा मणीन् मणी तपासतात. कपाशीचा शर्ट कुणी खात नाही. त्यामुळे रुईच्या गाठीसोबत फवारणीचा कागद कुणी मागत नाही.

प्रश्न : निर्यातीच्या बागेत मजुराच्या सुरक्षेचा नियम असतोच ना? मग तक्रार कसली?
— पिंपळगाव बसवंत

उत्तर : असतो. ग्लोबल गॅप या निर्यातीच्या प्रमाणपत्राच्या यादीत हातमोजे, मास्क, आंघोळीची सोय, सगळं आहे. तपासनीस यायच्या दिवशी नवे कोरे हातमोजे खुंटीला टांगलेले मी स्वतः पाहिलेत, आतली पावडरही न झडलेले. तुमच्याकडे रोज वापरत असतील तर मला कळवा, मी नावानिशी छापतो.

प्रश्न : बाटलीवर लाल त्रिकोण असलेलं औषध टाळून पिवळ्याचं घेतलं तर फवारणाऱ्याला धोका नाही ना?
— घाटंजी

उत्तर : आहे. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. ही उतरंड आहे, माफी नाही. तीन पिवळी एका पंपात कालवून वाऱ्याच्या तोंडाला उभं राहिलं तर रंग कामाला येत नाही. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर माणसासोबत बाटलीही दवाखान्यात न्या. त्यावरून डॉक्टरला कळतं काय द्यायचं. मोनोक्रोटोफॉसच्या जातीच्या औषधांवर अ‍ॅट्रोपिन आहे. डायफेन्थियुरॉनवर असा उतारा नाही.

दिंडोरीकर, आता तुम्हाला एक. पत्रासोबत तुम्ही फवारणीच्या वहीची प्रत जोडलीत. तारीख आहे, औषध आहे, लिटरला किती ग्रॅम ते आहे, ट्रॅक्टरचा नंबरसुद्धा आहे. फवारलं कुणी, ते लिहायचं राहिलंय.