नवं औषध शोधलं नाही, मग सिडनहॅम एवढे मोठे कसे?

प्रश्न : सतराव्या शतकातल्या थॉमस सिडनहॅम या डॉक्टरांना 'इंग्लंडचे हिप्पोक्रेटिस' (म्हणजे प्राचीन ग्रीसमधल्या त्या नामवंत वैद्यासारखे) म्हणतात असं वाचलं. पण त्यांच्या नावावर ना एखादं गाजलेलं औषध आहे ना हार्वेसारखा रक्ताभिसरणाचा शोध. मग एवढा मान कशाबद्दल? आणि ते आधी सैनिक होते हे खरं का?

उत्तर : सैनिक होते, हो. जन्म १६२४ चा, डॉर्सेटमधला. राजा विरुद्ध पार्लमेंट अशी लढाई पेटली तेव्हा ऑक्सफर्डचं शिक्षण मधेच सोडून ते पार्लमेंटकडून लढले, भाऊही त्याच बाजूला होते आणि त्यांची आई राजाच्या सैनिकांच्या हातून मारली गेली. मग परत ऑक्सफर्ड, आणि पुढे लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरला प्रॅक्टिस.

आता मान कशाबद्दल, तर माझ्या मते पेशंटजवळ बसून बघण्याबद्दल. त्या काळी बरेच डॉक्टर जुन्या ग्रंथातलं घोकून औषध द्यायचे, सिडनहॅम म्हणायचे की वनस्पतींच्या जशा जाती असतात तशा रोगांच्याही असतात, प्रत्येकीची लक्षणं नीट बघा, लिहून ठेवा आणि मग बोला. त्यांचं गाऊटवरचं (सांधे सुजून भयंकर दुखण्याच्या आजारावरचं) लिखाण १६८३ चं, आजही वाचताना अंगावर काटा येतो. माणूस चांगला ठणठणीत झोपतो, रात्री दोनच्या सुमारास पायाच्या अंगठ्यातल्या कळेने जागा होतो, मग हुडहुडी, थोडा ताप, आणि दुखणं इतकं वाढत जातं की अंगावरच्या पांघरुणाचं वजन सहन होत नाही, खोलीत कुणी चाललं तरी तो हादरा सोसत नाही. हे इतकं बारीक उतरलंय कारण त्यांना स्वतःला कित्येक वर्षं गाऊट होता.

देवीच्या बाबतीत तर त्यांनी चालू पद्धतच उलटी केली. रोगाचं विष घामावाटे बाहेर पडावं म्हणून तेव्हाचे डॉक्टर पेशंटला बंद खोलीत, शेकोटीजवळ, पांघरुणांखाली दाबून ठेवायचे, वर गरम औषधं. सिडनहॅम म्हणाले पांघरुणं कमी करा, हवा येऊ द्या, झेपेल तोवर दिवसा अंथरुणाबाहेर राहू द्या. आधीच तापाने भाजणाऱ्या माणसाला केवढा दिलासा! उपचार म्हणून पेशंटचं रक्त काढणं मात्र त्यांनीही सोडलं नाही, ते त्या काळातलेच डॉक्टर होते.

औषधांचं म्हणाल तर हिवतापावर सिंकोनाची साल त्यांनी आवर्जून वापरली, आणि शेरी वाइनमध्ये अफू, केशर, दालचिनी, लवंग घालून केलेलं त्यांचं लॉडनम, म्हणजे अफूचं पातळ औषध, पुढे खूप चाललं. अफूवर त्यांचा भारी विश्वास होता. १६८६ मध्ये त्यांनी लहान मुलांमधल्या एका आजाराचं वर्णन केलं, मुलाचा पाय ओढल्यासारखा पडतो, हात एका जागी स्थिर राहत नाही, पेला तोंडापर्यंत नेताना कितीतरी वेडेवाकडे हातवारे होतात. त्यालाच आज सिडनहॅम कोरिया म्हणतात (कोरिया म्हणजे आपोआप होणाऱ्या वेड्यावाकड्या हालचाली), संधिवाताच्या तापाशी (रुमॅटिक फीवरशी) त्याचं नातं नंतरच्या डॉक्टरांना सापडलं.

तत्त्वज्ञ जॉन लॉक त्यांचे दोस्त, लॉक सिडनहॅमबरोबर पेशंट बघायला जायचे. पण लंडनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, म्हणजे डॉक्टरांच्या संस्थेने, सिडनहॅमना १६६३ मध्ये प्रॅक्टिसचं लायसन्स दिलं तेवढंच, फेलो, म्हणजे संस्थेचा पूर्ण सदस्य, कधीच केलं नाही. १६८९ मध्ये ते गेले तोवर परदेशातले डॉक्टरसुद्धा त्यांची पुस्तकं वाचत होते.