दोन दाढांसाठी ९६ हजार: एफडी मोडू की ईएमआय घेऊ?

प्रश्न: माझे यजमान ६२ वर्षांचे आहेत. हिरड्यांच्या आजारामुळे त्यांच्या खालच्या दोन दाढा गेल्या. डॉक्टरांनी दोन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दाताची कॅप) सुचवलेत, कॅपसकट ९६,००० रुपये. आज सगळे भरले तर १० टक्के सूट, नाहीतर ८,००० चे १२ हप्ते, ‘नो कॉस्ट ईएमआय’. त्यांना मधुमेह आहे (एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.९) आणि दिवसाला चार-पाच सिगारेटी होतात. आमची अडीच लाखांची एफडी पाच महिन्यांनी मॅच्युअर होईल. ती मोडू की ईएमआय घेऊ?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आज दोन्ही नको.

ईएमआयचा हिशेब आधी. रोख ८६,४०० आणि हप्त्याने ९६,०००, म्हणजे वर्षाला जवळपास २० टक्के व्याज झालं. प्रोसेसिंग फी असली तर ती वेगळी. शिवाय असं कर्ज बहुधा फायनान्स कंपनीचं असतं. उपचार अर्धवट राहिले किंवा इम्प्लांट फसला, तरी हप्ते थांबत नाहीत.

इम्प्लांट फसतो का? बहुतेकांचा नाही. दहा वर्षांनीही दहातले नऊ तरी टिकतात. पण ही सरासरी आहे, आणि तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी यजमानांच्या विरोधात जातात. टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडात पक्का बसायला तीन ते सहा महिने लागतात. साखर वाढलेली असली की जखम सावकाश भरते, जंतुसंसर्ग पटकन होतो. सिगारेटीने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो. ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट फसण्याचं प्रमाण साधारण दुप्पट आढळतं. आणि हिरड्यांच्या ज्या आजाराने दाढा गेल्या, तसाच आजार पुढे स्क्रूभोवतीचं हाडही पोखरतो. स्क्रूला कीड लागत नाही म्हणून लोक तिथली सफाई सोडतात आणि घात होतो.

फसलेला स्क्रू काढेपर्यंत बऱ्याचदा हाड बरंच गेलेलं असतं. मग बोन ग्राफ्ट, म्हणजे तिथे नव्याने हाड भरणं, करावं लागतं, आणि दुसऱ्या खेपेचा खर्च पहिल्याहून वाढतो. कंपनीची वॉरंटी बहुधा स्क्रूपुरतीच असते. साध्या मेडिक्लेममध्येही हा खर्च सहसा बसत नाही.

म्हणून एफडीचे हे पाच महिने कामी लावा. हिरड्यांचे उपचार पूर्ण करा, सिगारेट बंद करायला लावा, मधुमेहाच्या डॉक्टरांच्या मदतीने एचबीए१सी सातच्या आसपास आणा. एवढं काही हजारांत होतं. दाढ गेल्यावर तिथलं हाड हळूहळू झिजतं, तेव्हा इतकं थांबलेलं चालेल ना, हे दंतवैद्यांना जरूर विचारा.

१० टक्के सूट मी घेणार नाही. ९,६०० वाचवायला ८६,४०० आधीच देऊन बसलात, तर उद्या सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) हाड कमी निघालं किंवा दुसरा सल्ला घ्यावासा वाटला, तरी पैसे अडकलेले. स्क्रू बसवताना एक भाग आणि हाड धरल्यावर कॅपच्या वेळी उरलेला, असं लेखी ठरवा. स्क्रूची कंपनी आणि लॉट नंबर असलेला स्टिकर मागून जपून ठेवा. झोपेत दात खात असतील तर नाइट गार्डचाही (रात्री दातांवर घालायचं कव्हर) खर्च धरा.

साखर उतरलीच नाही तर काढता-घालता येणारे दात लावा, किंवा मागची दाढ भक्कम असेल तर ब्रिजचं (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेले पक्के दात) विचारा. उतरली, तर एफडीतून ९६ हजार काढा आणि आणखी १५ हजार दर सहा महिन्यांच्या तपासणी-सफाईसाठी बचत खात्यात ठेवा. उरलेली रक्कम पुन्हा एफडीत टाका. आजारपणासाठी ती हाताशी राहू द्या.