ओहायोची शेतं चौकोनी का?

प्रश्न: मुलगी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात असते. विमानातून तिथली शेतं आमच्या ऐरोलीतल्या सेक्टरांसारखी आखलेली दिसली. आधी राज्य झालं की आधी जमिनीची मोजणी? आणि ओहायो १९५३ मध्ये राज्य झालं असं नातू म्हणतो, ते खरं का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर: आधी मोजणी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज डोक्यावर होतं आणि काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कर बसवायचा अधिकार नव्हता. विकण्याजोगी होती ती जमीन. म्हणून १७८५ चा जमीन वटहुकूम निघाला. सहा मैल बाजूचा चौरस म्हणजे एक टाउनशिप. तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा, आणि सोळावा शाळेसाठी राखीव. पेनसिल्व्हेनियाची हद्द ओहायो नदीला भिडते तिथून थॉमस हचिन्स यांनी ३० सप्टेंबर १७८५ ला मोजणी सुरू केली.

मापाची साखळी तुमच्या सातबाऱ्याची नातेवाईकच आहे. लांबी ६६ फूट, कड्या १००. अशा ८० साखळ्यांचा मैल, दहा चौरस साखळ्यांचा एकर. आपला गुंठा ३३ फुटी चौरस, म्हणजे अर्ध्या साखळीचा. म्हणून तर ४० गुंठ्यांचा एकर होतो. पूर्व ओहायोत टेकड्या फार. साखळी आडवी न धरता उतारावरून ओढली की जमीन प्रत्यक्षात कमी भरायची. कड्या झिजून साखळी लांबली की उलट, जमीन जास्त जायची. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेला जात नाही, हा आणखी एक घोळ. शिवाय रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येतात, त्यामुळे चौरस पूर्ण चौरस होतच नाही. पुढे कायद्यानेच ही कमी-जास्त टाउनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांत ढकलायचं ठरलं.

गिऱ्हाईक मात्र येईना. एकरी किमान एक डॉलर आणि किमान ६४० एकर! एवढे पैसे साध्या शेतकऱ्याकडे कुठून असणार? १७९६ ला भाव दोन डॉलर झाला. १८०० च्या कायद्याने ३२० एकर घेता येऊ लागले, पाव रक्कम आधी आणि उरलेली चार वर्षांत, तेव्हा कुठे विक्रीला वेग आला.

आणि ही जमीन रिकामी नव्हती. शॉनी, मायामी, डेलावेअर या तिथल्या मूळ रहिवासी जमातींनी १७९१ मध्ये या प्रदेशाचे गव्हर्नर सेंट क्लेअर यांच्या फौजेतले सहाशेहून जास्त सैनिक मारले. १७९४ च्या फॉलन टिंबर्सच्या लढाईत ते हरले. पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहात आजच्या ओहायोचा बराचसा भाग गेला. मोबदला २० हजार डॉलरचा माल आणि दरसाल साडेनऊ हजारांचा. आपल्याकडच्या प्रकल्पग्रस्तांना निदान साडेबारा टक्के विकसित जमिनीसाठी भांडता आलं.

राज्य होण्याची अट या प्रदेशाच्या कारभारासाठी निघालेल्या १७८७ च्या दुसऱ्या वटहुकमात होती: पाच हजार स्वतंत्र प्रौढ पुरुष झाले की विधिमंडळ, साठ हजार स्वतंत्र रहिवासी झाले की राज्य. १८०० च्या शिरगणतीत भरले ४५,३६५. पण त्याहून कमी लोकसंख्येलाही काँग्रेस परवानगी देऊ शकत होती. ती ३० एप्रिल १८०२ ला मिळाली. नोव्हेंबरात चिलिकोथीत राज्यघटना झाली, १९ फेब्रुवारी १८०३ ला काँग्रेसच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांची सही, आणि १ मार्चला पहिलं विधिमंडळ बसलं. ओहायो सतरावं राज्य.

नातवाचं म्हणणं अर्धंच खरं. १८०३ मध्ये प्रवेशाचा औपचारिक ठराव करायचाच राहिला होता. तो दीडशे वर्षांनी मंजूर झाला आणि ७ ऑगस्ट १९५३ ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केली, १ मार्च १८०३ पासून लागू अशी.