तीनदा रंगवलेली भिंत आणि १ लाख ६० हजारांचं कोटेशन

लाखांदूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. घर २०१४ मध्ये बांधलेलं, विटांचं, स्लॅबचं. दर पावसाळ्यात दोन खोल्यांच्या भिंतींना काळी बुरशी धरते. सहा वर्षांत तीनदा रंग देऊन झाला. आता एका ठेकेदाराने १,६०,००० रुपयांचं कोटेशन दिलंय: गच्चीचं वॉटरप्रूफिंग ७०,०००, भिंतींना केमिकल ४५,०००, पुट्टी आणि पेंट ४५,०००. पाच वर्षांची गॅरंटी, आणि ३० सप्टेंबरच्या आत बुकिंग केलं तर दहा हजारांची सूट. पैसे उभे करायच्या तीन वाटा त्यांना दिसतात. फेब्रुवारीत पिकणारी २ लाखांची एफडी मोडायची, पाच तोळे सोनं बँकेत ठेवायचं, किंवा ठेकेदाराच्याच ओळखीच्या फायनान्सकडून "फक्त १२ टक्क्यांनी" तीन वर्षांसाठी घ्यायचे. मुलगा यंदा बारावीला आहे, सासूबाईंना दमा आहे. यातली स्वस्त वाट कोणती, असं त्या विचारतात.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण एक गोष्ट शोधत होतो आणि ती सापडली नाही. स्लॅबमधून पाणी गळतं असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. छताला डाग नाहीत, पंख्याच्या हुकाजवळ ओल नाही. मग गच्चीचे ७० हजार कशासाठी? कोटेशनमधली ही सगळ्यात मोठी रक्कम, आणि तुमच्या तक्रारीशी तिचा संबंधच दिसत नाही. म्हणून कर्ज कुठून घ्यावं हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू.

तुम्ही दोन वेगवेगळी दुखणी लिहिली आहेत. रस्त्याकडच्या खोलीत जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत पोपडे निघतात, पांढरी पूड गळते. त्याला आपण लोणा म्हणतो. जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं, सोबत क्षार आणतं, पाणी उडून गेलं की क्षार मागे राहतात. आणि पुढे तुम्ही सहज लिहून गेलात की चार वर्षांपूर्वी गल्लीत सिमेंट रस्ता झाला, तेव्हापासून पायरी उतरून घरात यावं लागतं. ताई, तुमच्या भिंतीच्या दुखण्याचं मूळ तिथेच असावं! रस्ता जोत्याच्या वर गेला की जोत्यावरच्या डीपीसीचा, म्हणजे ओल वर चढू नये म्हणून घातलेल्या थराचा, उपयोग उरत नाही, पाणी तिच्या वरूनच भिंतीत शिरतं. मागे सांदवाडी (घरामागचं परस) आणि तिला लागून धानाची बांधी, म्हणजे तिकडूनही जमीन कार्तिकापर्यंत ओली.

आतल्या खोलीची गोष्ट वेगळी. तिथे कपाटामागे आणि वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके येतात. ही हवेतली ओल. खिडक्या बंद, दोरीवर कपडे, आणि भादव्याच्या उकाड्यात रात्रभर पाणी टाकून कूलर. मे महिन्यात आपला कूलर वरदान असतो, पण पावसाळ्यात तो खोलीत फक्त वाफ भरतो. गार कुणाला होत नाही, भिंत मात्र ओली होते.

खात्री करायला स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल पुरते. वीतभर चौकोन दोन्ही भिंतींवर लावा, चारही कडा टेपने बंद करा, दोन दिवस ठेवा. थेंब फॉइलच्या बाहेरून आले तर ओल हवेतली, आतून आले तर भिंतीतली. सोबत हवेतला दमटपणा मोजणारा एक हायग्रोमीटर मागवा, चार-पाचशे रुपयांत येतो. आकडा ६० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीचं फावतं.

मीही या रस्त्याने गेलोय. २०१७ मध्ये माझ्या गावच्या घराला ओल आली, तर रंगाऱ्याच्या सांगण्यावरून खालून चार फूट ऑइल पेंट मारून घेतला. पुढच्या पोळ्यापर्यंत तो पापडासारखा सुटला आणि ओल पेंटच्या वर जाऊन बसली. पैसे गेले ते गेलेच, वर घरच्यांचं ऐकून घ्यावं लागलं. ओली भिंत बाहेरून बंद केली की आतलं पाणी दुसरी वाट काढतं. सप्टेंबरात पुट्टी भरणं हा तोच प्रकार. असं काम भिंत वाळल्यावर, फेब्रुवारी ते मे मध्ये करायचं असतं.

आता हिशेब. फायनान्सचे १२ टक्के फ्लॅट आहेत. १,६०,००० वर तीन वर्षांचं व्याज ५७,६००, महिन्याचा हप्ता साधारण ६,०४५. मुद्दल तुम्ही दरमहा फेडत जाता, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर लागतं. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजलं तर हा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. ही वाट सोडूनच द्या.

सोन्यावर पैसे सहज मिळतील. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला आता सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. पण पुढच्या जूनमध्ये मुलाची अ‍ॅडमिशन आहे. तेव्हा फी, होस्टेल, डिपॉझिट एकाच आठवड्यात मागतील आणि पाच तोळे तुमच्या घरचा एकमेव राखीव साठा आहे. तो भिंतीला लावू नका.

एफडी तीन वर्षांची, अडीच वर्षं झालेली. एक टक्का दंड धरला तर मोडल्यावर पाच हजारांच्या आसपास नुकसान. मोडायची गरजच नाही. तिच्यावर कर्ज मिळतं, व्याज बहुधा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. तुमची एफडी ७ टक्क्यांची आहे, म्हणजे ८ टक्क्यांनी ३०,००० घेतले तर फेब्रुवारीपर्यंत व्याज हजारभर रुपये.

आणि माझ्या अंदाजाने एवढेच लागतील. रस्त्याच्या बाजूने भिंतीलगत उताराची पक्की नाली, तिला सांदवाडीत शोषखड्डा, आतल्या खोलीला एक्झॉस्ट फॅन. शोषखड्ड्याचं आधी ग्रामपंचायतीत विचारा, रोजगार हमीतून गावोगाव झालेत ते. रस्त्याच्या पाण्याचा अर्ज ग्रामसभेत लेखी द्या, पोच घ्या. उन्हाळ्यात भिंत कडकडीत वाळली की खालचं सुटलेलं प्लास्टर काढून नवं करा आणि त्या खोलीला चुनाच द्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि बुरशीला मानवत नाही. हे काम धानाच्या पैशांतून होईल. नाली होऊनही पुढच्या पावसाळ्यात लोणा चढलाच, तर भिंतीत केमिकलची डीपीसी भरायचा विचार करू. ते ४५ हजार तेव्हा मी अडवणार नाही.

एक काम मात्र विचार न करता आजच करा. सासूबाईंची खाट आतल्या खोलीत असेल तर तिथून हलवा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, कूलरचा पंप बंद ठेवा, बुरशी साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, पुसताना सासूबाई तिथे नकोत. ब्लीचिंग आणि टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. दम्याच्या एका रात्री भंडाऱ्याला गाडी करून न्यावं लागलं, तर या सगळ्या बचतीचा हिशेब तिथेच संपतो.

धानाची पोती भिंतीला टेकवून ठेवली आणि तीन पोत्यांना बुरशी लागली, असंही तुम्ही लिहिलंय. ४० किलोची धरली तर सव्वा क्विंटलच्या आत, २०२५-२६ च्या २,३६९ रुपये हमीभावाने साधारण २,८०० रुपये. रक्कम लहान आहे, पण ते धान भरडून खाऊ नका, धुऊन त्यातलं विष जात नाही. नवं धान १४ टक्क्यांच्या खाली वाळवा, लाकडी ठोकळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा.

ठेकेदाराला नाही म्हणायला संकोच वाटत असेल तर एवढंच विचारा: गॅरंटीच्या कागदावर "जमिनीतून चढणारी ओल" असे शब्द लिहून देता का? फॉइलचे निकाल आले की मला कळवा, मग नालीचा उतार कुठे ठेवायचा ते मिस्त्रीशी बोलू.