हेज फंड सोडताय? आधी करार काढून वाचा

हेज फंडातून (श्रीमंतांचा पैसा चढत्या आणि पडत्या दोन्ही शेअरवर लावणारा फंड) राजीनाम्याचा मेल टाकण्याआधी नेमणूकपत्रात नोटीस पिरियड, गार्डन लीव्ह (नोटीस काळात पगार चालू, पण काम बंद आणि दुसरीकडे रुजू व्हायला मनाई) आणि राखून ठेवलेला बोनस कधी हातात पडतो, ते बघा. बोनस जमा व्हायच्या आठवडाभर आधी राजीनामा दिला की तो बहुधा बुडालाच. नोकरी संपल्यानंतरची स्पर्धाबंदी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडे जायला मनाई करणारी अट, भारतात करार कायदा, 1872 च्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. गार्डन लीव्ह मात्र पाळावीच लागते, कारण तेव्हा तुम्ही पगारावर असता. आणि मॉडेलच्या एक्सेल फाइली स्वतःला मेल करू नका. आयटीवाल्यांना सगळं दिसतं.

पुढच्या नोकरीसाठी त्यातल्या त्यात सोपी वाट म्युच्युअल फंड किंवा विमा कंपनीची. तिथे शॉर्टच्या, म्हणजे शेअर पडेल यावर पैसे लावण्याच्या, कल्पनांना फारसं गिऱ्हाईक नाही. चार-पाच वर्षं धरून ठेवता येईल असा एखादा शेअर रोख प्रवाहासकट मांडता आला पाहिजे. प्रायव्हेट इक्विटीत (अख्ख्या कंपन्यांत थेट हिस्सा घेणारे फंड) डील केल्याचा अनुभव मागतात, त्यामुळे तिशीनंतर ते दार जड जातं. लिस्टेड कंपनीत इन्व्हेस्टर रिलेशन्स, म्हणजे कंपनीच्या वतीने गुंतवणूकदारांशी बोलण्याचं काम: पगार कमी, झोप पुरेशी.

स्वतःचं काही करायचं असेल तर एकदम पीएमएसच्या (ग्राहकांचे पैसे त्यांच्या वतीने गुंतवण्याची सेवा) मागे लागू नका. सेबीला 5 कोटींची नेट वर्थ लागते, प्रत्येक ग्राहकाकडून किमान 50 लाख घ्यावे लागतात, वर कम्प्लायन्सचा, म्हणजे नियमपालनाचा, खर्च. त्यापेक्षा एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची सिरीज 15 परीक्षा देऊन रिसर्च अॅनालिस्टची (शेअरबद्दल सल्ला-अहवाल देणारा) नोंदणी करणं हलकं. जुन्या फंडाचा परतावा मात्र लेखी परवानगीशिवाय स्वतःच्या नावावर दाखवू नका.